पाखाडीखाली उभ्या गाडीला रात्री कोणीतरी ओरखडे काढतंय, कॅमेरा कसला आणि कुठे लावू?

चिरेबंदी:

मंडळी, सल्ला हवाय. आमची वाडी रत्नागिरी तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. घर वरच्या अंगाला, पाखाडी चढून जावं लागतं त्यामुळे गाडी दारात येत नाही, डांबरी रस्ता संपतो तिथे गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला थोडी मोकळी जागा आहे तिथेच उभी करतो. साधी हॅचबॅक, कर्जाचे हप्ते अजून चालू. घरापासून गाडी सरळ रेषेत सत्तर-ऐंशी मीटर असेल पण मधे माड आणि दोन फणस, त्यामुळे पडवीतून बघितलं तर गाडीचा टप तेवढा दिसतो.

शिमग्यापासून सुरू झालंय. आधी ड्रायव्हर साईडच्या दोन्ही दारांवर एकच लांब ओरखडा, मागच्या हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत, कोणीतरी चालता चालता खिळा नाहीतर किल्ली घासत नेलीय हे शेंबडं पोर पण सांगेल, रंग जाऊन खालचा प्रायमर दिसतोय. मग डावा आरसा फुटला. मग एकदा सकाळी ऑफिसला निघालो तर मागचं चाक बसलेलं, पंक्चरवाल्याने पाण्यात घालून बघितलं, पंक्चर नाहीच, वॉल्वची पिन सैल केलेली.

जागा सामायिक आहे, सातबाऱ्यावर आमच्यासकट बऱ्याच जणांची नावं. त्यातल्या एका घराचं म्हणणं की गाडी इथे लावू नका, आंब्याचा टेम्पो आत घ्यायला त्रास होतो. यापुढे मी काही बोलत नाही, बाबा म्हणतात डोळ्याने बघितल्याशिवाय कोणाचं नाव तोंडातून काढायचं नाही.

बाजारात विचारलं तर एक दुकानदार म्हणतो सोलरवाला फोरजी कॅमेरा घ्या, वायर नको काही नको. दुसरा म्हणतो गाडीतच डॅशकॅम लावा पार्किंग मोडचा. गाडीजवळ लाईट नाही, घरात आहे, इन्व्हर्टर पण आहे. पाऊस तोंडावर आलाय, लाईट कधी जाते आणि कधी येते हे सांगायला नको. खर्च करायची तयारी आहे पण एकदाच, दरवर्षी नवीन कॅमेरा घ्यायला मी काय हापूसचा बागायतदार नाही.


खारा_वारा:

डॅशकॅम मी वापरतो, दापोली–पुणे सारखं येणं जाणं असतं म्हणून लावला. रस्त्यावरच्या भानगडींना फार कामाचा. पण तुमच्या केसला तो चालणार नाही, कारण सांगतो.

पार्किंग मोडमध्ये बहुतेक डॅशकॅम झोपलेले असतात आणि गाडीला धक्का बसला की आतला जी-सेन्सर त्यांना उठवतो. कोणी बंपरला गाडी घासली, काचेवर दगड मारला तर उठेल. पण किल्लीने ओरखडा काढताना गाडी हलत पण नाही हो, वॉल्वची पिन सैल करताना तर नाहीच नाही, म्हणजे तुमच्याकडे झालेल्या प्रकारात तो घोरत पडणार. आणि उठला तरी बघणार कुठे, पुढच्या काचेतून पुढे आणि मागच्या काचेतून मागे, तुमचा ओरखडा दारावर आहे. ३६० वाले असतात पण ते महाग आणि रात्री उजेड नसेल तर काळा पडदा.

टाइमलॅप्सवर सतत चालू ठेवतो म्हणालात तर बॅटरी. साधारण ४ वॅट धरा, १२ व्होल्टवर ०.३३ अँपिअर, दिवसाला ८ अँपिअर-अवर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे गाडी रोज पळत असेल तर ठीक, पण तीन दिवस जोडून सुट्टी आली की सोमवारी धक्का मारायला माणसं गोळा करा. हार्डवायर किटमध्ये लो व्होल्टेज कटऑफ असतो, १२ किंवा १२.२ ला लावला की बॅटरी वाचते, पण मग कॅमेरा बंद पडणार, आणि ओरखडेवाल्याला काय घाई आहे, तो थांबेल.

तरी घ्यायचाच असेल तर लिथियम बॅटरीवाला नको, सुपरकपॅसिटरवाला घ्या. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर हात ठेवून बघा, बॅटरी फुगते. आणि फ्यूजबॉक्समधून कनेक्शन घेताना वायर कापू देऊ नका, वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाले तेवढंच शोधत असतात.


काळा_पाईप:

माझा धंदाच हा आहे, सीसीटीव्ही आणि इन्व्हर्टर, संगमेश्वरपासून खाली राजापूरपर्यंत कामं करतो. त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

सोलर फोरजी वाईट नाही, आंब्याच्या बागेत राखणीला मी स्वतः बसवलेत. पण तो कसा चालतो ते समजून घ्या. बॅटरी वाचवायला तो झोपलेला असतो, समोर अंगाची उष्णता हलली की पीआयआर सेन्सर त्याला जागं करतो, मग तो दहा-पंधरा सेकंदांची क्लिप घेतो आणि परत झोपतो. जागं व्हायला सेकंद-दोन सेकंद जातात. सेन्सरची पोच धड आठ-दहा मीटर. चालता चालता ओरखडा काढणारा माणूस त्या वेळात पुढे गेलेला असतो, क्लिपमध्ये त्याची पाठ येते. त्यात आपल्याकडे जून-जुलैला आठ-आठ दिवस ऊन नाही, वर फणस, पॅनल चार्ज होणार कधी. सिमचा रिचार्ज वेगळा, आणि वाडीत कुठल्या कंपनीची रेंज येते ते आधी त्या गडग्यापाशी उभं राहून बघा, घरात येते म्हणून तिथे येईलच असं नाही.

तुमच्या घरात लाईट आहे, इन्व्हर्टर आहे, अंतर १०० मीटरच्या आत आहे, मग केबल टाका. पीओई कॅमेरा, कॅट सिक्सची आउटडोअर केबल, एकाच केबलमधून करंट पण आणि चित्र पण. पीओईची हद्दच १०० मीटर आहे, तुम्ही त्यात बसता. केबल सरळ जात नाही हे धरा, पाखाडीच्या कडेने वळसे घेत जाईल, म्हणून दोरी धरून मोजून घ्या. कोणी स्वस्तात साधा १२ व्होल्टचा कॅमेरा लांब वायरवर देतो म्हणाला तर घेऊ नका. होतं काय की १२ व्होल्ट एवढ्या लांब जाताना वाटेत गळतो, टोकाला दहा-साडेदहा पोचतो, दिवसा कॅमेरा मस्त चालतो आणि संध्याकाळी आयआर, म्हणजे अंधारात बघायचा कॅमेऱ्याचा डोळ्याला न दिसणारा उजेड, पेटला की लोड वाढून कॅमेरा रिस्टार्ट, परत पेटला परत रिस्टार्ट, रात्रभर तेच. गिऱ्हाईक सांगतं कॅमेरा खराब, खराब काही नसतं, वायर बारीक असते. पीओईमध्ये ४८ व्होल्ट जातो म्हणून ही भानगड नाही.

केबल काळ्या एचडीपीई पाईपातून न्या, उघडी टाकलीत तर उंदीर-घुशी पावसाळ्याच्या आत खातील. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा. वळवाच्या वेळी आणि नवरात्रानंतर ज्या विजा होतात त्यात वीज अंगावर पडावी लागत नाही, जवळपास कुठे माडावर पडली तरी लांब तांब्याच्या तारेत झटका येतो आणि रेकॉर्डर, राउटर, कधी कधी टीव्ही सगळं एकदम जातं.

आता लेन्स. सगळे २.८ एमएम घेतात कारण दुकानात टीव्हीवर दाखवताना सगळं अंगण दिसतं, गिऱ्हाईक खूश. पण सगळं दिसणं आणि माणूस ओळखू येणं यात फरक आहे. हिशोब असा आहे की चेहरा पक्का ओळखायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल लागतात, आणि आधीपासून ओळखीचा माणूस आहे एवढं कळायला १२५ पुरतात. ४ मेगापिक्सेलचं चित्र २५६० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे पक्की ओळख पाहिजे तर कॅमेऱ्याने दहा मीटर रुंदीच टिपली पाहिजे, जास्त नाही. २.८ च्या लेन्सला दहा मीटर रुंदी चार-सव्वाचार मीटरवरच भरते, त्याच्या पलीकडे माणसाचं भूत. ६ एमएम घेतलात तर तीच रुंदी नऊ-दहा मीटरवर मिळते. तुम्हाला ६ एमएमचा एक पाहिजे.

आणि तो गाडीवर रोखू नका! सगळे तिथेच चुकतात. गाडीवर रोखलात तर वाकलेल्या माणसाची पाठ आणि पावसात छत्री एवढंच मिळतं. माणूस तिथे पोचतो कसा ते बघा, वाडीतला रस्ता एकच असणार, ज्या बाजूने तो कॅमेऱ्याकडे तोंड करून येतो तिथे रोखा. उंची अडीच-तीन मीटर, त्याहून वर लावलात तर टोपीचं शेंडं दिसतं. गाडीसाठी दुसरा २.८ चा लावा, त्याने काय केलं ते त्यात येतं, कोण होता ते पहिल्यात.

खारं वारं: डब्यावर आयपी ६७ लिहिलंय ते पाण्याचं आहे, मिठाचं नाही. आमच्याकडे कॅमेरे पाण्याने कमी आणि जोडाने जास्त मरतात, आरजे ४५ चा जोड हिरवा पडतो. जोड कॅमेऱ्याच्या मागे लोंबकळत ठेवायचा नाही, जंक्शन बॉक्समध्ये घ्यायचा, त्यात ग्रीस भरायचं, केबलला बॉक्सच्या आधी खाली एक वळण द्यायचं म्हणजे पाणी तिथून टिपकतं. स्क्रू स्टीलचे मागा, ३१६ मिळाले तर सोनं. गडग्याच्या चिऱ्यात रावल प्लग मारून कॅमेरा टांगू नका, चिरा भुसभुशीत, दोन पावसात निघून हातात येतो. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपचा, खांब उभा करा.

लाईटचं शेवटी. आयआर वर विसंबू नका, कॅमेऱ्यावर पाली आणि कोळी येतात, महिन्याभरात लेन्ससमोर जाळं, जाळ्यावर आयआर पडून चित्र पांढरंफटक. मी खांबावर वेगळी एलईडी लावतो, कॅमेऱ्यापासून हातभर लांब, माणूस आला की पेटणारी.


चिरेबंदी:

काळा_पाईप, साष्टांग नमस्कार. दोन शंका. खांब उभा करायचा कुठे? जागा सामायिक आहे म्हणून तर हे सगळं, तिथे खांब रोवला तर आणखी एक भांडण. ग्रामपंचायतीच्या दिव्याचा खांब अगदी गाडीच्या डोक्यावर आहे पण त्यावरचा बल्ब कधीपासून गेलेला आहे.

आणि आरशाचं एक राहिलं, फुटलेल्या काचेवर चिखलाचे डाग होते, बोटांसारखे, पण बारीक. तेव्हा लक्ष दिलं नाही.


देवगडी:

हाहाहा. आरसो माकडान फोडल्यान, लिहून ठेव.

आमच्याकडे हा प्रकार रोजचो आसा. वानर नाहीतर माकड गाडीवर येता, आरशात आपलाच तोंड बघता, ता दुसरा माकड समजून दात दाखवता, मारता. माझ्या सायबाच्या नव्या गाडीचे दोन्ही आरसे तसेच गेले, तो महिनाभर शेजाऱ्याक शिव्या घालत व्हतो. आरशाक जुनो पायमोजो नाहीतर कापडी पिशवी घाल, फुकटचो उपाय. वायपर पण उपटतत ते.

पण वॉल्वची पिन माकड सैल करूचा नाय, आणि सरळ रेघ ओढूची अक्कल पण त्याका नाय. म्हणजे गिऱ्हाईका दोन आसत, एक शेपटीचा, एक बिनशेपटीचा. दोघांका एका मापान मोजू नको.


कोर्टाच्या_पायरीवर:

देवगडी यांच्या मुद्द्यात कायद्याचाही मुद्दा आहे. तक्रार देताना आरसा त्यात घालू नका, समोरच्या वकिलाने माकड सिद्ध केलं की बाकीचा ओरखडा पण माकडाच्या खात्यात जातो.

मी रत्नागिरीत वकिली करते. १ जुलै २०२४ पासून आयपीसी ४२७ गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ लागतं, यालाच आपण आगळीक म्हणतो. वीस हजार किंवा त्यापेक्षा जास्त पण लाखाच्या आत नुकसान असेल तर ३२४(४), दोन वर्षांपर्यंत शिक्षा. लाख किंवा त्याच्या वर ३२४(५), पाच वर्षांपर्यंत. दोन दारांचा रंग म्हणजे तुमचं प्रकरण वीस हजारांच्या आसपास किंवा खाली राहणार, आणि लाखाच्या आतलं अदखलपात्र असतं, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करणार नाहीत. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, कायदा तसाच आहे. तरीपण एनसी कराच, प्रत्येक वेळी करा, तारखा लागत जातात. गॅरेजचं एस्टिमेट लेखी घ्या.

फुटेजचं म्हणाल तर मोबाईलमध्ये स्क्रीनचा व्हिडिओ काढून पोलिसांना पाठवला की झालं असं लोकांना वाटतं. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३(४). त्याचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, पण त्यात लिहावी लागते. प्रमाणपत्र हवंच हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलं ते आपल्याच राज्यातल्या प्रकरणात, जालन्याच्या निवडणुकीच्या, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. म्हणून मूळ कार्ड किंवा हार्डडिस्क जपा, त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग चढायच्या आत कॉपी काढा, आणि रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर आहे ना ते महिन्यातून एकदा बघा. लाईट जाऊन आल्यावर घड्याळ मागच्या कुठल्या तरी सालात गेलेलं मी पाहिलंय, मग घटना दोन वाजता आणि फुटेज भलत्याच तारखेचं.

आणि कृपा करून वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. टाकलंत की फिर्यादी तुम्ही नाही, समोरचा होतो.

टेम्पोच्या वाटेबद्दल एक. शेतजमिनीकडे जायची वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांत दावा करता येतो. तुमची गाडी जर खरोखर त्या वाटेत येत असेल तर उद्या अर्ज तुमच्याविरुद्धच होईल, आणि तेव्हा तुमच्या कॅमेऱ्याचं फुटेज त्यांच्या कामाला येईल. हे हसण्यावारी नेऊ नका.


आगरातली:

सगळे कॅमेरा सांगताहेत, मी थोडं दुसरं सांगते दादा.

आमच्याकडे गुहागरला असाच कॅमेरा लागला, आमच्या शेजाऱ्यांनी लावला, त्यांच्या दुचाकीचं पेट्रोल चोरीला जात होतं म्हणून. लावणारा मुलगा आला, जिथे वायर पोचली तिथे लावला आणि गेला. तो बरोबर आमच्या मागच्या दारावर आणि विहिरीवर रोखलेला. आम्ही बायका सकाळी विहिरीवर असतो, कपडे धुतो, कोणी डोकं धुतं. आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, मग त्यांच्याच सुनेने मोबाईलवर बघून सांगितलं की काकू तुम्ही दिसता. त्यानंतर जे झालं ते पेट्रोलच्या चोरीपेक्षा कितीतरी मोठं, बोलणं बंद, गणपतीला आरतीला येणं बंद. पेट्रोल चोर कोण ते कळलंच नाही, कॅमेरा बघून तो यायचाच बंद झाला.

म्हणजे कॅमेरा लावू नका असं नाही. पण कोणाचं दार, पाणवठा, न्हाणीघराची मागची बाजू फ्रेममध्ये येत नाही ना हे लावायच्या दिवशीच मोबाईलवर शेजाऱ्यांना दाखवा. प्रायव्हसी मास्क म्हणून असतं सेटिंगमध्ये, तेवढा चौकोन काळा होतो. तो करून दाखवला की अर्धी बडबड थांबते.

आणि एक विचारू का, राग नको. समजा आला चेहरा. समजा तुम्हाला वाटतोय तोच निघाला, किंवा त्याच्या घरातलं अकरावीतलं पोर निघालं. मग काय करणार? पोलीस ठाण्यात जाणार की त्याच्या बापाशी बोलणार? हे आधी घरात बाबांशी ठरवा, कारण एकदा बघितलं की न बघितल्यासारखं करता येत नाही, आणि त्याच माणसाच्या मदतीने उद्या देव्हारा उचलायचाय, पालखी नाचवायचीय. आमच्याकडे पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समितीचे दोघे बसून असलं मिटवतात, कधी कधी खरंच मिटतं, त्यांना फुटेज दाखवलं तर लेखी माफी आणि रंगाचे पैसे एवढ्यावर भागतं.


काळा_पाईप:

ताईंच्या बोलण्याला जोडून, मी मगाशी १२५ आणि २५० पिक्सेल सांगितले ना, ते इथे लागतं. वाडीत बसून मिटवायचं असेल तर १२५ भरपूर, गावची माणसं चालीवरून माणूस ओळखतात. कोर्टात जायचं असेल तर २५० शिवाय वकील मॅडम पण काही करू शकणार नाहीत. काय ठरतं त्यावर लेन्स ठरवा. मास्क मी स्वतः घालून देतो, पैसे लागत नाहीत त्याला.

खांबाचं: ग्रामपंचायतीच्या किंवा महावितरणच्या खांबावर काही लटकवू नका, लाईनमन काढून फेकेल आणि त्याचं चूक नाही, वर चढायला त्याला अडचण होते. पाखाडी सुरू होते तिथली पहिली पायरी तुमच्या हिश्श्याची आहे का? असेल तर तिथून गाडी किती लांब?


चिरेबंदी:

पाखाडीच्या तोंडाशी आमच्या नावावरचा तुकडा आहे, छोटा, तुळशीच्या जुन्या वृंदावनाचा चौथरा आहे तिथे. गाडी तिथून बारा-तेरा मीटर. रस्त्याने येणारा माणूस चौथऱ्याकडे तोंड करूनच येतो, हे तुम्ही म्हणालात म्हणून आज जाऊन उभा राहून बघितलं.

आगरातली ताई, राग कसला. आज बाबांशी बोललो. ते म्हणाले पोर असेल तर बापाला सांगायचं, बाप असेल तर पोलीस पाटलाला. वकील मॅडम, टेम्पोचं पण खरं निघालं हो, टेप लावून बघितलं, मागचं चाक वाटेत हातभर येतंय. गाडी पुढे घेऊन माडाला लावून उभी केली तर सुटतं, पण मग वरून नारळ.

इन्शुरन्सचं कोणी सांगेल का, क्लेम करू की खिशातून रंगवू?


खारा_वारा:

नारळाच्या खाली उभी करू नका, टपाला पडलेला खड्डा विमावाले देतात पण डोक्याला पडलेला नाही. माड उतरवून घेत जा वेळच्या वेळी.

क्लेमचं गणित सोपं आहे. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मुद्दाम केलेलं नुकसान बसतं, थर्ड पार्टी असेल तर विषयच नाही. पण क्लेम केलात की एनसीबी (नो क्लेम बोनस, प्रीमियममधली सूट) गेला, तो पहिल्या वर्षाला २० टक्के, वाढत वाढत ५० पर्यंत जातो, आणि गेला की परत शून्यापासून. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये कंपल्सरी कापतात. तुमचा बोनस २० वर असेल तर दोन दारांसाठी क्लेम करा, ३५ च्या वर असेल तर आधी पॉलिसीच्या कागदावर ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम किती आहे ते बघून त्याचे टक्के काढा आणि पेंटरच्या भावाशी ताडून बघा, बऱ्याचदा खिशातून रंगवणं स्वस्त पडतं. आणि आत्ता रंगवू नका, ओरखडेवाला सापडेपर्यंत थांबा, नाहीतर त्याला नवी पाटी मिळाली. प्रायमर उघडा आहे तिथे टचअपच्या बाटलीने बुजवून ठेवा तेवढं, खाऱ्या हवेत पावसाळ्याभरात गंज धरेल.


देवगडी:

आधी ग्रामपंचायतीक सांगून तो बल्ब लावून घे रे बाबा. अर्ज दे, पोच घे. उजेडात खिळो काढूक माणसाक लाज वाटता.


काळा_पाईप:

बल्बला अनुमोदन.

बारा मीटरला ६ एमएम जरा कमी पडेल, ८ एमएमचा मिळतो तो घ्या गाडीकडे येणाऱ्या वाटेसाठी. दुसरा चौथऱ्यावरूनच, ४ एमएम, गाडीसाठी. दोन्ही ४ मेगापिक्सेल, रेकॉर्डर वर घरात, इन्व्हर्टरवर. साधारण २ एमबीपीएसला एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१-२२ जीबी होतात, दोघांचे मिळून १ टीबीत तीन आठवडे राहतात, तुमच्यासारख्या रोज सकाळी गाडी बघणाऱ्याला पुष्कळ. पासवर्ड कंपनीचा ठेवू नका आणि लावणाऱ्या पोराच्या मोबाईलमध्ये तुमचं ॲप चालू राहिलेलं नाही ना ते जाताना बघा, आमच्याच धंद्यातला असून सांगतोय.

वृंदावनाला भोक पाडू नका, बाजूला खांब घ्या, दीड इंची जीआय, खाली दोन फूट काँक्रीट. पाऊस लागायच्या आत फक्त खड्डा आणि पाईप एवढं उरका, कॅमेरे नंतर बसवले तरी चालतील. पाईप पुरताना आत नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकांना बांधून ठेवा, आणि तोंडं प्लास्टिकने घट्ट बंद करा नाहीतर कॅमेऱ्याच्या आधी बेडूक राहायला येतात.